नॅनी मेरेआनाचा खोकला

“आधी खाली उतर,” नॅनी मेरेआना म्हणाली, “मग काय शिकवायचं ते शिकव.”

मी टेबलाच्या कडेवर बसले होते. नोकरीचा पहिला दिवस. समोर सात म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे, प्रत्येकापुढे एकेक संगणक, आणि मी आपली मोकळेपणा दाखवायला टेबलावर बसून पाय हलवतेय. मी टुणकन उतरले.

“ज्यावर अन्न ठेवायचं त्यावर बूड टेकायचं नाही. तुमच्याकडे चालतं?”

“नाही चालत,” मी ओशाळून म्हटलं. “माझ्या आजीने पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता.”

“आजी लांब आहे ना? मग मी घालते,” म्हणत ती उठली आणि तिने खरंच माझ्या पाठीत एक धपाटा घातला. खोली हसली, मीही हसले, आणि तेव्हापासून मी तिची नात झाले. नॅनी म्हणजे तिकडे आजीच. मोको म्हणायची ती मला. मोको म्हणजे नातवंड. माझं ऋजुता हे नाव तिने एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातली. माझ्या नवऱ्याला, निनादला, तिथल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली म्हणून आम्ही मिरजेहून तिकडे गेलो. आठ महिने मी घरात बसून समुद्र पाहिला. समुद्र तरी किती पाहणार? मग कळलं, की गावातल्या माओरी लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, चालवलेल्या केंद्रात संगणक येणारं माणूस हवंय. त्यांच्या कुळाच्या सभागृहाला लागून असलेल्या जुन्या शाळेत ते केंद्र होतं. सकाळी म्हाताऱ्यांचे रक्तदाब तपासून त्यांना किनाऱ्यावर चालायला न्यायचं, मग संगणकाचा वर्ग. शाळा सुटली की पोरं यायची. त्यांचा अभ्यास घ्यायचा आणि घराघरांतून सुटत चाललेली माओरी भाषा शिकवायची. बुधवारी लांब हिरव्या पात्यांच्या टोपल्या विणायच्या. हे सगळं हुइया नावाची बाई बघायची. पूर्वी नर्स होती. आवाज असा, की अंगणातून हाक मारली तर समुद्रातले कोळी वळून पाहतील. तिने मला तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. पुढचं समिती ठरवणार होती.

नॅनी वर्गाला यायची ती एकाच कामासाठी. तिची नात तिआ ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला होती, पहिलटकरीण. तिच्याशी पडद्यावर बोलता यायला हवं. पहिला आठवडा नॅनी माऊस हवेत धरून टीव्हीच्या रिमोटसारखा रोखायची. दुसऱ्या आठवड्यात तिने तिआला स्वतःच फोन लावला आणि कॅमेऱ्यात तोंड इतकं जवळ नेलं, की तिआ ओरडली, “नॅनी, मला फक्त तुझी नाकपुडी दिसतेय!”

“नीट बघून ठेव,” नॅनी म्हणाली. “पोराला हीच मिळणार आहे.”

त्यानंतर चारेक दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. “मोको, तू रेडिओवर आवाजाचं काम करायचीस ना?”

मी करायचे. मिरजेला असताना सहा वर्षं मी रेडिओसाठी ध्वनिमुद्रणं संपादित केली होती. भाषणं, मुलाखती, गवयांच्या आठवणी. खाकरणं, अडखळणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, सगळं वेचून काढायचं. कापलेलं ऐकणाऱ्याला कळता कामा नये, ही आमची शान. माझा सांधा कुणाला कधी कळला नाही, हे मी आजही सांगू शकते. मोठेपणा म्हणून नाही. पुढचं समजायला ते लागेल, म्हणून सांगते.

“मला एक गाणं ठेवायचंय,” नॅनी म्हणाली. “तिआच्या बाळासाठी.”

माओरी घरांत मूल जन्मलं की त्याच्यासाठी गाणं रचायची रीत होती. आपल्याकडे बारशाला पाळणा म्हणतात तसं, फक्त त्यात त्या मुलापर्यंत आलेली सगळी पूर्वजांची नावं गुंफलेली. नॅनी जन्मली तेव्हा तिच्या आजीने असं गाणं रचलं होतं. ते पूर्ण येणारी आता नॅनी एकटीच उरली होती. तिचा मुलगा, म्हणजे तिआचा बाप, न शिकताच गेला. आणि तिआला शिकायचं होतं, पण ती राहिली समुद्रापलीकडे. बाळ झालं की ती येणार, नॅनीकडून गाणं घेणार आणि शेवटी बाळाचं नाव जोडणार, असं ठरलं होतं.

“पण मी ऐंशीच्या पुढची,” नॅनी म्हणाली. “बाळाला घाई नाही आणि मला भरवसा नाही.”

तिची अट एकच होती. ध्वनिमुद्रण राहील ते केंद्रातल्या एकाच संगणकात. इंटरनेटवर नाही, पेन ड्राइव्हवर नाही, दुसरी प्रत नाही. पूर्वजांची नावं अशी वाऱ्यावर सोडायची नसतात. कुणीही उचलून कशालाही वापरतं. मी कबूल केलं.

ध्वनिमुद्रण आम्ही सामानाच्या खोलीत केलं, भिंतींना घोंगड्या लावून. नॅनी काळा झगा घालून, केस विंचरून आली होती. तिने आधी प्रार्थना म्हटली, मग डोळे मिटले आणि सुरुवात केली. तो आवाज मला सांगता येणार नाही. एरवी चहासाठी कुरकुरणारी ही बाई. तिच्या छातीतून जमिनीलगत वाहणारं काहीतरी निघालं आणि चार मिनिटं थांबलं नाही. अगदी शेवटाकडे तिला खोकला आला. एकच उबळ. तशीच पुढे जाऊन तिने गाणं संपवलं आणि डोळे उघडले.

“खोकला आला ना मधे? परत घेऊ या का?” मी विचारलं.

“हे परत घ्यायचं नसतं. सुरू केलं की शेवटापर्यंत जायचं. मधे खंड पडला तर म्हणणाऱ्यावर संकट येतं. माझ्या लहानपणी एकाचा पडला होता. महिन्यात गेला तो.”

मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. तिला हसू आलं. “खोकला म्हणजे खंड नव्हे गं. नाव सुटलं तर खंड. माझं एकही सुटलं नाही. चल, चहा दे.”

दुसऱ्या दिवशी मी ते साफ करायला बसले. बाहेरच्या गाडीचा आवाज काढला, श्वास थोडे कमी केले. खोकल्यापाशी आले. खोकल्याआधी एक शब्द होता, आणि खोकल्यानंतर पुन्हा तोच. रेडिओवर हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. उबळ आली की माणूस तोंडातला शब्द परत घेतो. मी खोकला काढला, परत घेतलेला शब्द काढला, आणि दोन टोकं अशी जुळवली की माझं मलाच कौतुक वाटलं. मग ते मूळ मुद्रणावरच जतन केलं. प्रत एकच ठेवायची, असा शब्द दिला होता ना.

हुइयाने ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नॅनी चाळीस वर्षांची वाटतेय. समितीला सांगते, हिला सोडू नका म्हणून.” मी हवेत होते.

नॅनीला मी ऐकायला बोलावलं, तर म्हणाली, “बाळ येऊ दे. तिआबरोबर ऐकीन.”

पाच आठवड्यांनी सकाळी चालायला जाताना ती किनाऱ्यावरच कोसळली. पक्षाघात. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. निनाद रोज तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचा आणि घरी येऊन सांगायचा, की म्हातारी शिव्या मात्र स्पष्ट देते. बोलणं हळूहळू येत होतं, पण शब्द घसरायचे. चार मिनिटं अखंड गाणं आता तिच्याच्याने होणार नव्हतं. बाळ मात्र झालं. मुलगी झाली. आठ दिवसांत तिआ तिला घेऊन येणार होती.

“पोरीच्या हाती द्यायच्या आधी मला एकदा ऐकू दे,” नॅनीने निरोप पाठवला.

हुइयाने तिला चाकांच्या खुर्चीतून केंद्रात आणलं. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले, दुसरी जोडी हुइयाला दिली, आणि शेजारी उभी राहिले. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट पाहत. नॅनी डोळे मिटून ऐकत होती. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, एकेका नावाला एकेक बोट. शेवट जवळ आला आणि एक बोट वर झालं ते तिथेच राहिलं. तिने डोळे उघडले.

“हेमी,” ती म्हणाली. “हेमी कुठाय?”

“आहे की,” मी म्हटलं. पडद्यावर ती जागा मला पाठ होती. “हा बघ, हेमी.”

“एकच आहे.”

मला कळेना. हुइयाने हेडफोन उतरवले आणि मला समजावून सांगितलं. नॅनीच्या आजीचा पहिला मुलगा हेमी. अकरा दिवसांचा होऊन गेला. दोन वर्षांनी दुसरा झाला, त्यालाही तेच नाव ठेवलं. तो नॅनीचा बाप. नात झाली तेव्हा आजीने गाण्यात दोघांनाही घेतलं. हेमी, हेमी, मेरेआना. पहिल्याला वगळलं तर तो कधी जन्मलाच नव्हता असं होईल, म्हणून. त्या बाळाचं या जगात दुसरं काहीच नव्हतं. ना फोटो, ना कबरीवर दगड. त्या गाण्यातली एक जागा तेवढी होती.

माझी आई अजूनही कुणी विचारलं की “तीन मुलं” म्हणते. आम्ही तर दोघीच बहिणी. पहिला मुलगा सहा दिवसांत गेला, बारसंही झालं नव्हतं त्याचं. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला हे कळायला हवं होतं.

“मी दोनदा म्हटलं होतं ना?” नॅनी माझ्याकडे बघत होती. तोंड वाकडं झालं होतं, डोळे तेच होते. “मोको, तू समोर होतीस. दोनदा म्हटलं ना मी?”

हो म्हणायला एक क्षण लागला असता. हो नॅनी, तू दोनदा म्हटलंस, मी कापलं. एवढंच तर होतं. हुइया रागावली असती, समितीने कदाचित मला काढलं असतं, मी पुन्हा समुद्र पाहत बसले असते. पण मला भीती त्याची नव्हती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलंय. माझ्या हातून असली चूक झालीय, हे त्या दोघींच्या तोंडावर उमटलेलं मला बघवणार नव्हतं. एवढंच. नुसती शान.

“एकदाच, नॅनी,” मी म्हटलं. “तू एकदाच म्हटलंस.”

“मूळ मुद्रण आहे का?” हुइयाने विचारलं. “साफ करायच्या आधीचं?”

“हेच मूळ आहे. मी फक्त बाहेरचे आवाज आणि खोकला तेवढा काढला.”

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

नॅनीने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. “म्हणजे खंड पडला होता,” ती म्हणाली. “मला कळलंसुद्धा नाही. म्हणून हा गेला.”

“असं नसतं, नॅनी,” हुइया म्हणाली. “रक्तदाबामुळे झालं ते. मी स्वतः मोजला होता.”

“तुझं यंत्र तुला सांगतं ते तू सांग.” तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला तिने हात उचलला तो चुकून उजवा. उचललाच गेला नाही. “माझ्या बापाचा भाऊ गं तो. आजीने माझ्यावर सोपवला होता.”

मी तिचे डोळे पुसले. माझ्या ओढणीने. तिने माझा हात धरून ठेवला, आणि मी तो धरू दिला.

आठ दिवसांनी तिआ आली. नॅनीने बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांदेखत घसरत्या शब्दांत सांगितलं, की गाण्यात आपल्याकडून एक नाव सुटलंय. हेमी दोनदा म्हणायचा, आणि तिथे थांबून पहिल्याची माफी मागायची, माझ्या वतीने. तिआ रडत हो म्हणाली. बाळाचं नाव मेरेआना ठेवलं. मी त्यांचा फोटो काढला.

महिन्याभरात नॅनी गेली. तीन दिवस ती त्यांच्या सभागृहात उघड्या शवपेटीत होती. घरच्या बायका भोवती चटयांवर बसून होत्या, आणि येणारा प्रत्येक जण तिच्याशीच बोलत होता. गेलेल्याशी सरळ बोलायचं, ही त्यांची रीत. कुणी तिला रागावत होतं, कुणी जुनी थट्टा करत होतं, एक म्हातारा तर साठ वर्षांपूर्वीचं भांडण मिटवत होता. मी वाकले तेव्हा शेजारच्या बाईने हळूच सांगितलं, “काय सांगायचंय ते सांगून टाक. ऐकतेय ती.”

“थँक यू, नॅनी,” मी म्हटलं.

दफनभूमीतून बाहेर पडताना फाटकाशी नळ असतो. तिथे हात धुऊन निघायचं. मी धुतले. दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा धुतले. मागच्या बाईला वाटलं, नवखी आहे, हिला रीत नीट माहीत नसेल.

समितीने मला कायम केलं. चार वर्षं मी तिथे होते, आणि चांगलं काम केलं असं सगळे म्हणतात. मग निनादला वेलिंग्टनला नोकरी लागली. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला विणलेली टोपली दिली. त्या टोपलीत मी आजवर काही ठेवलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये केंद्राला पंचवीस वर्षं झाली. हुइयाने बोलावलं. सत्तरीला टेकली तरी आवाज तोच. जुन्या शाळेला नवं छप्पर आलंय, पोरं आता माओरीतून संगणकाचे खेळ बनवतात. आणि तिथली भाषेची शिक्षिका आहे तिआ. बाळाला घेऊन आली ती परत गेलीच नाही.

दुपारच्या कार्यक्रमात तिची मुलगी पुढे आली. छोटी मेरेआना, तेरा वर्षांची, नाकपुड्या पणजीच्या. तिने डोळे मिटून ते गाणं सुरू केलं. चार मिनिटं. मी श्वास धरून शेवटाची वाट पाहत होते. “हेमी,” ती म्हणाली आणि थांबली. खाली वाकून तिने तळहात जमिनीला लावला. तिच्या मागच्या वीस-पंचवीस मुलांनीही वाकून लावला. मग सरळ होऊन ती म्हणाली, “हेमी,” आणि शेवटापर्यंत गेली.

“मधे वाकलात ते कशाला?” एका पाहुण्याने विचारलं.

“तिथे आमची नॅनी चुकली होती,” पोरगी सहज म्हणाली. तिला ते तसंच शिकवलेलं. “तिच्याकडून एका बाळाचं नाव सुटलं, म्हणून तिचा हात गेला. तिच्या वतीने आम्ही त्या बाळाची माफी मागतो. मोठी झाले की मी माझ्या मुलांनाही शिकवणार.”

लोकांनी कौतुकाने माना हलवल्या. माझं खोटं आता तिथली रीत झालं होतं. पोरं वाकून त्याला हात लावत होती.

मग पाहुण्यांनी आपापली ओळख द्यायची होती. एकेकाने उभं राहायचं. आपला डोंगर कोणता, नदी कोणती, आपण कोण, ते सांगायचं. माझी पाळी आली. सगळे हसून माझ्याकडे बघत होते. जुनी माणसं होती ती, टेबलावरून उतरवलेली मी त्यांना आठवत होते.

“माझी नदी कृष्णा,” मी म्हटलं. “माझं गाव मिरज. मी ऋजुता. आणि नॅनी मेरेआना चुकली नव्हती.”

कुणाला काही कळलं नाही. मी सांगत गेले. शब्द कोणता कापला, का कापला, मूळ कसं पुसलं, तिने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. तेरा वर्षं मी एवढंच उराशी धरून होते.

हुइयाने डोळ्यांवर हात ठेवला. तिआ उठून उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं, पण मी बघितलं. ते तरी माझ्याकडून त्यांना मिळायलाच हवं होतं. पण बोलली ती तिची मुलगी.

“मग नॅनी कसं म्हणाली होती?” तिने विचारलं. “खरं कसं होतं?”

मी डोळे मिटले. ती सामानाची खोली, घोंगड्या, काळा झगा.

“हेमी,” मी म्हटलं. मग मी खोकले, अगदी तिच्यासारखी, एकच उबळ. “हेमी.”